लढाईतली जीप ओळखायची कशी?

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत, चौफुला, पाटस या पट्ट्यात एखाद्या गॅरेजबाहेर किंवा गुऱ्हाळाशेजारी जुनी, उघडी, चौकोनी नाकाची जीप उभी दिसली, की ‘ही लढाईतली आहे बरं का’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. सांगणारा खोटे बोलत असतो असे नाही. त्याला ते आधीच्या मालकाने सांगितलेले असते आणि त्या मालकाला त्याच्या आधीच्याने. या सांगण्याला आधारही आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जीप भारतात मोठ्या संख्येने आल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या पुष्कळशा येथेच राहिल्या आणि लष्करी लिलावांतून खाजगी मालकांच्या हाती गेल्या. पण त्यानंतर जवळजवळ त्याच रूपाच्या जीप मुंबईत जोडल्या आणि नंतर बनवल्याही जाऊ लागल्या, आणि हे काम पुढे कित्येक दशके चालले. मग एकाच रांगेत उभ्या असलेल्या दहा जीपांपैकी १९४३ साली अमेरिकेत बनलेली कोणती आणि त्यानंतर वीस वर्षांनी मुंबईत बनलेली कोणती, हे ठरवायचे कसे?

हा प्रश्न केवळ छंदिष्टांचा आहे असे वाटेल. पण त्याचे उत्तर ज्या वाटेने मिळते, ती वाट विज्ञानाच्या शिक्षकांच्या ओळखीची आहे. एखादी वनस्पती ओळखताना आपण पानांची मांडणी, पाकळ्यांची संख्या, बीजांडकोशाची जागा अशी लक्षणे तपासतो आणि त्यांतले कोणते लक्षण भरवशाचे व कोणते फसवे हेही ठरवतो. जीपच्या बाबतीतही हेच करावे लागते. फरक एवढाच, की वनस्पतीची पाकळी कोणी बदलून बसवत नाही. गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो.

एक आराखडा, दोन कारखाने

१९४० साली अमेरिकन सैन्याला टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. नमुना तयार करण्यासाठी मुदत होती फक्त ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातील बॅंटम या छोट्या कंपनीने ती पाळली आणि सप्टेंबर १९४० मध्ये पहिली गाडी सैन्याच्या हवाली केली. तिचा आराखडा प्रामुख्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याचा होता. पुढे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनीही आपापले नमुने दिले. सर्व चाचण्यांनंतर १९४१ मध्ये विलिसचा आराखडा पक्का झाला. त्याचे इंजिन ६० अश्वशक्तीचे, म्हणजे इतरांपेक्षा जोरदार होते. या गाडीचे नाव ‘एमबी’.

एकट्या विलिसला सैन्याची गरज भागवता येणार नव्हती. म्हणून तोच आराखडा फोर्डला देण्यात आला आणि सुटे भाग एकमेकींत बसलेच पाहिजेत अशी अट घालण्यात आली. फोर्डने बनवलेल्या गाडीचे नाव ‘जीपीडब्ल्यू’. त्यातले शेवटचे अक्षर विलिसचे आहे. युद्ध संपेपर्यंत विलिसने साडेतीन लाखांहून अधिक आणि फोर्डने सुमारे पावणेतीन लाख जीप बनवल्या.

युद्धभूमीवर ही अट फार मोलाची ठरली. दोन मोडक्या जीपांतून एक चालती जीप तयार करता येई. मात्र आज ओळख पटवताना हीच अट आपली अडचण होते. विलिसच्या सांगाड्यावर फोर्डचे इंजिन आणि त्यावर तिसऱ्याच गाडीची बॉडी असा संसार त्या काळीही थाटला जात होता. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत आपल्याकडच्या मिस्त्रींनी त्यात आणखी भर घातली. डिझेल स्वस्त म्हणून पेट्रोलचे इंजिन गेले, वडापला जागा पुरेना म्हणून मागचा भाग लांबला, पत्रा सडला म्हणून नवा ठोकला गेला.

कोणत्या लक्षणावर विश्वास ठेवावा?

एखादे लक्षण ओळखीसाठी उपयोगी आहे की नाही, हे दोन प्रश्नांवरून ठरते. पहिला प्रश्न : आपल्याला ज्या दोन प्रकारांत फरक करायचा आहे, त्यांच्यात हे लक्षण खरोखर वेगळे असते का? दुसरा प्रश्न : हे लक्षण बदलणे किती सोपे आहे?

पहिल्या प्रश्नासाठी एक सोपे उदाहरण घेऊ. ‘स्टिअरिंग डावीकडे आहे, म्हणजे गाडी अमेरिकेतलीच’ असा तर्क नेहमी ऐकू येतो. युद्धातल्या जीपांचे स्टिअरिंग डावीकडे होते हे खरे. पण भारतात तयार झालेल्या कित्येक जुन्या जीपांचेही स्टिअरिंग डावीकडेच असे. जे लक्षण दोन्ही गटांत आढळते, ते त्यांच्यात फरक करू शकत नाही. कावळा काळा असतो हे खरे असले, तरी कोकीळ नरापासून तो वेगळा ओळखायला काळा रंग उपयोगी पडत नाही, तसेच हे.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर मोजले तर? तेही निरुपयोगी. युद्धातल्या दोन्ही जीप आणि त्यांच्या नंतरच्या तीन नागरी पिढ्या यांचे हे अंतर एकच आहे : ८० इंच, म्हणजे सुमारे २०३ सेंटिमीटर. मोजमाप कितीही काटेकोर केले, तरी जेथे फरकच नाही तेथे ते काही सांगणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाच्या आधाराने लक्षणांची उतरंड लावता येते. सर्वांत खाली रंग, पाट्या आणि नावाची अक्षरे. ती तासाभरात बदलतात. लष्करी हिरवा रंग आणि बॉनेटवरचा पांढरा तारा यांवरून रंगाऱ्याच्या कौशल्यापलीकडे काही कळत नाही. त्यावर दिवे, काच, आसने, नटबोल्ट. मग बॉडीचा पत्रा आणि इंजिन. आणि सर्वांत वर चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा पोलादी सांगाडा. तो बदलायचा म्हणजे संपूर्ण गाडी सुटी करावी लागते. त्यामुळेच ओळख पटवणारे जाणकार गाडीभोवती फिरण्याआधी तिच्याखाली डोकावतात.

एमबी की जीपीडब्ल्यू?

आता जीपच्या तोंडाकडे पाहू. सुरुवातीच्या सुमारे पंचवीस हजार विलिस जीपांची पुढची जाळी लोखंडी चपट्या पट्ट्या वेल्डिंगने जोडून केलेली होती. फोर्डने त्याऐवजी एकाच पत्र्यातून दाबयंत्राने खाचा पाडून जाळी बनवली. ती हलकी आणि स्वस्त होती. विलिसनेही लवकरच ती स्वीकारली. त्यामुळे पट्ट्यांची मूळ जाळी असलेली जीप विलिसची आणि सुरुवातीच्या काळातली. पण पत्र्याची, नऊ उभ्या खाचांची जाळी मात्र दोघांचीही असू शकते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कारखान्यातले बदल पंचांगातल्या तिथीप्रमाणे घडत नाहीत. जुन्या भागांचा साठा संपेपर्यंत ते वापरले जातात आणि एक भाग आज बदलतो, तर दुसरा चार महिन्यांनी. म्हणून ‘१९४२ चे मॉडेल’ असे म्हटल्याने त्या गाडीवर काय काय असायला हवे हे नेमके कळत नाही. गाडीचा अनुक्रमांक पाहिला, तर ती बदलाच्या आधीची की नंतरची हे जास्त नीट ठरते.

मागच्या पत्र्यावर सुरुवातीला ‘विलिस’ किंवा ‘फोर्ड’ असे नाव ठशाने उठवलेले असे. ही जाहिरात सैन्याला नको होती, म्हणून १९४२ मध्ये ती बंद झाली. तेव्हा नाव नसणे हा कशाचाच पुरावा नाही. शिवाय १९४४ पासून दोन्ही कंपन्यांच्या जीपांवर एकाच प्रकारची बॉडी बसू लागली. म्हणजे बॉडीवरून निवाडा करण्याची वाटही अर्धी बंद झाली.

फोर्डला आपल्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवण्याची सवय होती. अगदी बोल्टच्या डोक्यावरही ते सापडते. ही खूण पाहून आनंद होतो खरा, पण बोल्ट ही सर्वांत सहज हिंडणारी वस्तू आहे. विलिसच्या गाडीत फोर्डचे वीस बोल्ट निघाले तर आश्चर्य वाटायला नको.

खरा फरक दडलेला आहे पुढच्या बंपरच्या मागे, रेडिएटरखाली. चॅसीच्या दोन लांब तुळयांना जोडणारी जी आडवी दांडी तेथे असते, ती विलिसच्या जीपमध्ये गोल नळी असते. फोर्डच्या जीपमध्ये तीच दांडी पत्रा वाकवून केलेली, उलट्या ‘यू’ अक्षराच्या आकाराची असते. हे लक्षण आपल्या दोन्ही कसोट्यांना उतरते. दोन्ही कारखान्यांत ते ठळकपणे वेगळे आहे आणि ते बदलायला कोणाला काही कारण नाही. शिवाय ते पाहायला हत्यार लागत नाही. गुडघ्यावर बसले की झाले.

अनुक्रमांकाची जागाही वेगळी आहे. विलिसने तो एका छोट्या पट्टीवर कोरून ती पट्टी डाव्या तुळईच्या आतल्या बाजूला, बंपरजवळ लावली. फोर्डने तो थेट डाव्या तुळईच्या माथ्यावर, इंजिनाच्या आधाराजवळ ठोकला. फोर्डच्या गाडीत चॅसीचा आणि मूळ इंजिनाचा क्रमांक कारखान्यातून एकच निघे. विलिसच्या गाडीत तसे नव्हते. म्हणजे ‘दोन्ही नंबर जुळत नाहीत, तेव्हा इंजिन बदललेले आहे’ हा निष्कर्ष एका गाडीला लागू पडतो आणि दुसरीला पडत नाही. नियम वापरण्याआधी तो कोणत्या गटासाठी आहे हे पाहिलेच पाहिजे.

शांततेच्या काळातली जीप

युद्ध संपत आले तशी विलिसने शेतकऱ्यांसाठी नागरी जीप बाजारात आणली. तिचे नाव सीजे-२ए, काळ १९४५ ते १९४९. तिच्या जाळीला सात खाचा आहेत. दिवे मोठे आणि जाळीच्या बाहेरच्या अंगाला आहेत. युद्धातल्या जीपचे दिवे लहान व जाळीच्या मागे बसवलेले असत आणि ते बिजागरीवर मागे फिरवून अंधारात इंजिनावर उजेड पाडता येई. सीजे-२ए ला मागे उघडणारी फळी आली, जादा चाक मागून बाजूला गेले आणि पेट्रोलचे झाकण बाहेर आले. युद्धातल्या जीपमध्ये ते झाकण चालकाच्या आसनाखाली असे.

पुढची सीजे-३ए १९४९ ते १९५३ या काळातली. तिची पुढची काच एकसंध आहे, तर आधीच्या जीपांची दोन भागांत. तिच्यानंतर १९५३ मध्ये आली सीजे-३बी. तिचे बॉनेट इतके उंच आहे, की ती लांबूनही ओळखता येते. ही उंची कशासाठी, हे मुलांना जरूर विचारावे.

उत्तर इंजिनात आहे. जुन्या इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारी झडप आणि जळका वायू बाहेर सोडणारी झडप या दोन्ही सिलिंडरच्या बाजूला, खालच्या ठोकळ्यात बसवलेल्या होत्या. वरचे झाकण म्हणजे जवळजवळ सपाट चकती. नव्या इंजिनात आत घेणारी झडप सिलिंडरच्या डोक्यावर नेली. त्यामुळे ती मोठी करता आली, मिश्रण सरळ वाटेने आत शिरू लागले आणि तेवढ्याच आकारमानाच्या इंजिनातून साठऐवजी सत्तरहून अधिक अश्वशक्ती मिळू लागली. पण डोक्यावरच्या झडपेबरोबर तिला हलवणारी यंत्रणाही वर आली. इंजिन उंच झाले आणि ते झाकण्यासाठी बॉनेट उंच करावे लागले. ज्या लक्षणाला असे कारण असते ते लक्षात राहते, आणि ते नकली आहे का हेही तपासता येते. उंच बॉनेटखाली जुने सखल इंजिन सापडले, तर काहीतरी अदलाबदल झाली आहे हे उघड आहे.

भारतात जीप जोडण्याचे काम महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने हाती घेतले. ही कंपनी मुंबईत १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने सुरू झाली होती. स्वातंत्र्यानंतर विलिसच्या सुट्या भागांच्या पेट्या येत आणि येथे त्यांची जोडणी होई. पुढे एकेक भाग येथेच बनू लागला. उंच बॉनेटची सीजे-३बी हीच आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचलेली जीप. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, पण भारतात तिचे वंशज त्यानंतरही दीर्घकाळ तयार होत राहिले. म्हणून रस्त्याकडेला दिसणारी ‘लढाईतली’ जीप उंच बॉनेटची असेल, तर तेवढ्यावरूनच शंका घ्यायला हवी. ते बॉनेट तरी युद्धातले नाही, कारण ते आले तेव्हा महायुद्ध संपून आठ वर्षे होत आली होती.

दोन वाटांची किल्ली

वनस्पती ओळखताना आपण जशी प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय असलेली किल्ली वापरतो, तशी जीपसाठी करून पाहू.

१. जाळी चपट्या पट्ट्यांची : सुरुवातीची विलिस एमबी असण्याची शक्यता, खात्रीसाठी पायरी ३ पाहा. जाळी पत्र्यात खाचा पाडलेली : पायरी २.

२. खाचा नऊ, दिवे लहान व जाळीच्या मागे : युद्धातली जीप, पायरी ३. खाचा सात, दिवे मोठे : युद्धानंतरची जीप, पायरी ४.

३. बंपरमागची आडवी दांडी गोल नळी : विलिस एमबी. उलट्या ‘यू’ आकाराची : फोर्ड जीपीडब्ल्यू.

४. बॉनेट उंच : सीजे-३बी किंवा तिची भारतीय बहीण. बॉनेट सखल : पायरी ५.

५. पुढची काच दोन भागांत : सीजे-२ए. एकसंध : सीजे-३ए.

किल्ली वापरताना एक सावधगिरी हवी. नऊ खाचा आणि लहान दिवे ही दोन लक्षणे दिसली, म्हणजे दोन पुरावे मिळाले असे वाटते. पण दिवे आणि जाळी शेजारशेजारचे भाग. तोंड बदलले की दोन्ही एकदम बदलतात. म्हणजे हा खरा एकच पुरावा. याउलट जाळी, चॅसीची आडवी दांडी आणि पेट्रोलच्या झाकणाची जागा ही तीन लक्षणे गाडीच्या तीन वेगळ्या भागांतली आहेत. तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर तो पुरावा भक्कम. साक्षीदार किती आहेत यापेक्षा ते एकमेकांना न भेटता बोलत आहेत का, हे पाहावे लागते.

याच्या उलट : एक गाडी, तीन नावे

जीपमध्ये दोन कारखान्यांची गाडी एकसारखी दिसते. याच्या अगदी उलट प्रकार मुंबईत कुर्ल्याला घडला. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. यवतहून सोलापूरच्या दिशेने निघाले की पुढे इंदापूर तालुक्यात लागणारे वालचंदनगर त्यांच्याच नावाचे. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून प्रीमियरने १९४७ पासून गाड्या जोडायला सुरुवात केली. १९५० च्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ सॅव्हॉय अशा तीन नावांच्या गाड्या बाहेर पडत.

नावे तीन असली तरी गाडी मुळात एकच होती : प्लिमथ. अमेरिकेबाहेर क्रायस्लरच्या प्रत्येक नावाचे वेगळे विक्रेते होते आणि प्रत्येकाला एक स्वस्त गाडी हवी होती. म्हणून प्लिमथच्याच बॉडीवर वेगळी जाळी, वेगळी चमकती पट्टी आणि वेगळे नाव लावून ती परदेशी पाठवली जाई. खुद्द अमेरिकेत विकली जाणारी डिसोटो ही मात्र खरोखर वेगळी आणि मोठी गाडी होती.

मग एखादी जुनी डिसोटो समोर आली, तर ती अमेरिकन बाजारातली की प्लिमथवर बेतलेली डिप्लोमॅट, हे कसे ठरवायचे? येथे मोजपट्टी कामी येते. १९४९ ते १९५२ या वर्षांतल्या नेहमीच्या अमेरिकन डिसोटोच्या चाकांमधले अंतर १२५.५ इंच, म्हणजे सुमारे ३१९ सेंटिमीटर होते. त्याच काळातल्या डिप्लोमॅटचे अंतर प्लिमथइतके, ११८.५ इंच, म्हणजे ३०१ सेंटिमीटर. फरक १८ सेंटिमीटरचा. हाताने धरलेल्या टेपची चूक एखाद्या-दुसऱ्या सेंटिमीटरची असते, म्हणून येथे शंका उरत नाही. जे मोजमाप जीपच्या बाबतीत निरुपयोगी होते, तेच येथे निर्णायक ठरते. लक्षण स्वतःहून चांगले किंवा वाईट नसते. आपण कोणाकोणात फरक करत आहोत त्यावर ते अवलंबून असते.

पुसलेले आकडे परत दिसतात

चॅसीवरचा क्रमांक हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा, म्हणून फसवणूकही तेथेच होते. मूळ आकडे कानशीने घासून नवे ठोकले जातात. पण पोलाद सहजासहजी विसरत नाही. ठसा मारताना दिसणाऱ्या खोबणीच्या खालचे स्फटिककणही दाबले आणि पिळवटले जातात. हा दुखावलेला थर खोबणीपेक्षा खोल असतो. वरचे आकडे घासून गेले तरी तो शिल्लक राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो भाग गुळगुळीत करून त्यावर तांब्याच्या क्लोराइडचे हायड्रोक्लोरिक आम्लातले द्रावण लावतात. पिळवटलेले कण आणि शेजारचे कण यांवर या द्रावणाची क्रिया सारख्या वेगाने होत नाही, आणि पुसलेले आकडे पुन्हा उमटतात. घासणाऱ्याने तो थरच काढून टाकला असेल, तर मात्र काही हाती लागत नाही.

हा प्रयोग शाळेत करू नये. त्याचे सोपे रूप मात्र वहीवर करता येते. वरच्या पानावर जोर देऊन एक संख्या लिहावी, ते पान फाडून टाकावे आणि खालच्या कोऱ्या पानावर पेन्सिलचे शिसे आडवे धरून हलके फिरवावे. संख्या पांढऱ्या रेषांत दिसू लागते. कागद आणि पोलाद यांची रचना वेगळी आहे, पण पृष्ठभागाखाली दाबाची खूण राहते हे तत्त्व मुलांना यातून नीट समजते.

मग ही जीप कोणती म्हणायची?

समजा, चॅसी फोर्डची, इंजिन डिझेलचे, बॉडी नवी ठोकलेली आणि जाळी सात खाचांची अशी गाडी समोर आली. तिला काय म्हणायचे? ‘फोर्ड जीपीडब्ल्यू’ म्हटले तर अर्धे खरे, ‘भंगार’ म्हटले तर तेही अर्धेच. आम्हांला वाटते, येथे एका शब्दात उत्तर देण्याचा मोह टाळावा. ‘चॅसी १९४२ नंतरची, फोर्डची, इंजिन व बॉडी नंतरची’ असे भागवार सांगणे हेच खरे वर्णन. त्यात प्रत्येक विधानाला पुरावा आहे.

हा काटेकोरपणा केवळ समाधानासाठी नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वारसा वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठे फेरबदल न झालेली खाजगी दुचाकी-चारचाकी वाहने त्यांत येतात. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन अशा कारणांसाठी ते रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. ‘मूळ रूप’ म्हणजे काय, हे ठरवायला वर सांगितलेलीच लक्षणे लागतात. उलट बाजूने पाहिले, तर शेताच्या बांधावर गंजत पडलेली चॅसी भंगारवाल्याच्या काट्यावर केवळ किलोच्या भावाने जाते. तिच्या पुढच्या दांडीचा आकार कोणी पाहिलेला नसतो. एकदा ती वितळली, की तिचा पुरावाही संपला. तसेच, सजवलेली अलीकडची जीप ‘युद्धातली’ म्हणून चढ्या भावाने विकत घेणाऱ्यालाही गुडघ्यावर बसून पाहण्याचे दोन मिनिटांचे कष्ट पुष्कळ पैसे वाचवू शकतात.

वर्गात काय करता येईल?

प्रत्येक गावात जुनी जीप असेलच असे नाही, पण ओळखकिल्ली बनवायला जीपच पाहिजे असेही नाही. यवतसारख्या महामार्गावरच्या शाळेत ट्रॅक्टर, टेंपो आणि एसटी यांचा तोटा नाही. जेथे तेही नाहीत, तेथे शाळेच्या आवारातल्या सायकली आहेतच.

वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला उभ्या असलेल्या दहा सायकली द्याव्यात. गटाने प्रत्येकीची किमान आठ लक्षणे टिपावीत : सांगाड्याचा आकार, चाकाचा व्यास, ब्रेकचा प्रकार, साखळीचे आच्छादन, सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक कोठे आहे, इत्यादी. नंतर प्रत्येक लक्षणापुढे ते बदलायला किती वेळ लागेल याचा अंदाज लिहावा. सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना विचारले, तर हा अंदाज बराच अचूक होतो आणि मुलांना एक जाणकार शिक्षकही मिळतो. मग दोन-दोन पर्यायांची किल्ली तयार करावी आणि ती दुसऱ्या गटाच्या हाती द्यावी. ज्यांनी ती बनवलेली नाही त्यांना ती वापरून तीच सायकल ओळखता आली, तर किल्ली बरोबर. जेथे ते अडखळतील, ती पायरी पुन्हा लिहावी.

जुनी चारचाकी मिळाली, तर साध्या चुंबकाचाही उपयोग होतो. पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक मालकाच्या परवानगीने पत्र्यावरून फिरवावे. रंगाखाली पुट्टीचा जाड थर असेल तेथे त्याची पकड ढिली पडते. कारण चुंबक आणि लोखंड यांच्यातले अंतर थोडे वाढले तरी ओढ झपाट्याने कमी होते. डोळ्यांना एकसंध दिसणाऱ्या पत्र्यावर दुरुस्तीचा नकाशा तयार होतो. गाडीखाली पाहायचे असेल, तर ती सपाट जागी, इंजिन बंद करून आणि चाकांना दगड लावून उभी असावी. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

हे करताना मुलांच्या वहीत ‘ही गाडी अमुक आहे’ या वाक्यापुढे ‘कशावरून?’ असा एक रकाना ठेवावा. तो रकाना कोरा राहिला, तर वाक्य खोडायचे नाही. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घालायचे आणि पुढच्या वेळी काय पाहायला हवे ते लिहून ठेवायचे.